टिंगटाँग

रिकाम्या, कुलूपबंद फ्लॅटची बेल वाजवून थांबणारा माणूस मी एकच पाहिला. आमचे घणसोलीचे घरांचे एजंट हसुरामभाऊ. किल्ली त्यांच्याच मुठीत असायची. तरी बेल. वीज तोडलेली असली की तोंडाने "टिंगटाँग!"

"आत कोण आहे, भाऊ?" मी पहिल्यांदा विचारलं.

"घर हाय ना, बाय. एकदम घुसला तं दचकंल."

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. न्हावा शेव्याला कस्टम एजंटच्या ऑफिसात कागद बघते, आणि त्याचा मला अभिमान आहे. पण आई आणि मी राहिलो कायम भाड्याच्या खोलीत. अकरा महिने झाले की भांडी पुन्हा पोत्यात. आईने भिंतीला कधी खिळा मारला नाही, मालक ओरडायचे. तिला हक्काचा खिळा मारता येईल अशी एक भिंत हवी होती, बस.

घर घेताना कोण काय करतं, हे भाऊंनी तिला असं समजावलं : "वैनी, वकील घराची कुंडली बघतो. बँकेचा मानूस भिंती ठोकून भाव काढतो. बँक पोरीच्या पगाराची नाडी बघतं."

"आणि तुम्ही?"

"मी बेल वाजवतो."

"मग ब्रोकरेज कसलं?" मी म्हटलं.

"बेल वाजवायचाच!"

शिरवण्यातला फ्लॅट आईला आवडला. वकीलबाईंनी मात्र कुंडलीत दोष काढला. मालक वारलेले, मुलगे विकतायत, पण उरणला दिलेल्या मुलीची सही नाही. मुलगे म्हणाले, "तिचं लग्न झालंय, तिचं काय मध्येच?" वकीलबाई म्हणाल्या, "सही नाही, तर व्यवहार नाही." आईने चहाचा कप तसाच खाली ठेवला.

भाऊ उठले आणि थेट उरणला गेले. संध्याकाळी फोन. "देते बोल्ली सही. हिस्सा पन रीतसर भेटनार तिला."

"कसं पटवलंत?"

"पटवायचा काय? तिला कोनी विचारलाच नव्हता. बापाचा घर हाय तिचा, बेल नको वाजवायला?"

करार नोंदवून झाल्यावर मी पेढे घेऊन भाऊंच्या घरी निघाले. ते माझ्यापुढेच जिना चढत होते. दाराशी आले, बेल वाजवली, थांबले. मग खिशातून किल्ली काढून स्वतःच कुलूप उघडलं.

"आत कोण आहे, भाऊ?" सवयीने विचारून गेले.

"आता कोनी नाय, बाय. तुझी काकी होती तवा ती उघडायची."

मी पेढ्यांचा बॉक्स पुढे केला.

ताबा मिळाला त्या दिवशी आईने सामान उघडायच्या आधी हातोडी शोधली. दाराशेजारी पहिला खिळा ठोकला, आणि बेल वाजली. तिने हातोडीसकट दार उघडलं. बाहेर हसुरामभाऊ. मुठीत स्वतःच्याच घराची किल्ली तयार धरलेली.

"उघडला की!" ते एवढंच म्हणाले.

आईने त्यांच्या हातातली किल्ली घेतली आणि नव्या खिळ्याला अडकवली.

"या भाऊ. जेवून जाताना न्या."