समासातला वाघ

ग्रंथाच्या पाया पडणारे फार आणि तो उघडणारे थोडे, अशा एका जंगलात, मुलांनो, चंपी नावाची सशीण राहायची. कडक उन्हाळा होता. तिची पिल्लं तहानेनं कासावीस झाली होती. पाणवठ्यावर मात्र वाघोबा दिवसभर पाय सोडून बसलेले.

फार पूर्वी एक मेंढपाळ त्या जंगलातून गेला होता. त्याचं शुभवचन भूर्जपत्रांवर लिहून ठेवलं होतं. पानं झिजली की वानरं नवी नक्कल करायची. चंपीला ते वचन पाठ होतं : पाण्यावर आधी लहानांनी यावं.

मुख्य नकलनवीस हुप्पाजी वानरानं ग्रंथ उघडून दाखवला. त्यात पुढे लिहिलं होतं, 'वाघ नसेल तेव्हा.'

"हे शेवटचं कुणी घातलं?" चंपीनं विचारलं.

"घालणारा मी कोण? पानावर होतं, उतरवलं," हुप्पाजी म्हणाला.

वानरांचा नियमच तसा, मुलांनो. पानावरचं काही गाळायचं नाही. कधीकाळी एका भित्र्या वानरानं समासात स्वतःपुरती सूचना लिहिली होती. पुढच्यानं ती भक्तिभावानं वचनात घेतली. त्याच्या पुढच्यानं तर फणसाच्या रसाचा डागही हुबेहूब काढला.

प्रकरण ढालेगुरुजी कासवांकडे गेलं. मेंढपाळाचं वचन इतर जंगलांनीही उतरवून घेतलं होतं; त्यांनी त्या सगळ्या जंगलांतून प्रती मागवल्या. काय एकेक प्रती आल्या! अस्वलांच्या वचनात मध्येच मध. कोल्ह्यांकडे एक ओळ दोनदा. खारीला लिहिता लिहिता डुलकी लागलेली, तिची अर्धी ओळच गायब.

वाघोबा खूश झाले. इतक्या चुका, म्हणजे मूळ वचन कुणालाच ठाऊक नाही, असं त्यांनी जाहीर करून टाकलं.

"अहो, प्रत्येकाची चूक वेगळ्या जागी आहे," गुरुजी म्हणाले. "म्हणून तर ती सापडते. अस्वलाचा मध कोल्ह्याकडे नाही. आणि तुम्ही तर आमच्या प्रतीबाहेर कुठेच नाही."

वचन शुद्ध ठरलं. सारं जंगल नाचलं. हत्तीनं सोंडेची पिपाणी केली, हुप्पाजी आपल्याच शेपटीत अडकून पडला, चंपी आनंदानं रडली. वाघोबाही गहिवरले. ते शुद्ध वचन त्यांनी पाणवठ्यावरच्या शिळेवर कोरून घेतलं. मग फीत कापली, शिळेला पाठ टेकली आणि सर्वांत आधी पोटभर पाणी प्यायले.

चंपी पिल्लांना घेऊन मागे रांगेत उभी होती.

"आई, शिळेवर काय लिहिलंय?" धाकट्यानं विचारलं.

चंपीनं अगदी बरोबर वाचून दाखवलं.

तात्पर्य : पवित्र वचन कानामात्रेसकट शुद्ध राखावं. आपण नेमकं काय मोडतो आहोत, याविषयी मनात शंका राहू नये.