पाच वेळा दुरुस्त केलेलं इंजिन

बोटीच्या बाबतीत मला कुणी काही शिकवायची गरज नाही. एकतीस वर्षं तलावात बोट चालवतोय! धक्क्यावर सगळे मला कप्तान म्हणतात. बोट म्हणजे काही जहाज नव्हे. चार माणसांची जागा, पेट्रोलची टाकी आणि मागे लटकवलेलं इंजिन.

बायको गेली आणि बोट आठ महिने ताडपत्रीखाली पडून राहिली. लेकीने ती विकायचं मनावर घेतलं.

"तुम्ही एकटे पाण्यात जाणार आणि मी घरी जीव मुठीत धरून बसणार! नाही जमायचं, बाबा."

शेवटी तह झाला. समोरच्या काठाला जायचं आणि कुणाची मदत न घेता परत यायचं. जमलं तर बोट राहील. नाहीतर गिऱ्हाईक तयार होतं.

रविवारी सकाळी टाकी भरली, झाकण गच्च आवळलं, लेकीला आणि जावयाला बसवलं आणि दोरी ओढली. पहिल्या झटक्यात सुरू! मी लेकीकडे असं बघितलं, जणू इंजिन माझ्याच पोटी जन्मलं होतं.

दहाव्या मिनिटाला ते बंद पडलं.

"काय झालं, बाबा?"

"काही नाही. दम खातंय."

माझा एक नियम आहे. इंजिन बंद पडलं की आधी पेट्रोल बघायचं. झाकण उघडलं. टाकी जवळजवळ भरलेली. झाकण पुन्हा गच्च लावलं. मग प्लग काढला, सदऱ्याला पुसला, बसवला. दोरी ओढली. सुरू!

"प्लग," मी जावयाला समजावलं. जावई इंजिनिअर आहे, पण पुलांचा. त्याने मान डोलावली.

दहा मिनिटांनी पुन्हा बंद. नियमाप्रमाणे पेट्रोल बघितलं, झाकण लावलं आणि इंजिनाच्या डोक्यात पान्ह्याचे तीन टोले घातले. सुरू!

तिसऱ्यांदा मला उमगलं की दोष वजनाचा आहे. पेट्रोल बघून झाल्यावर जावयाला पुढच्या टोकावर बसवलं. सुरू! समोरच्या काठाला हात लावून वळलो, तर चौथ्यांदा बंद.

"बाबा," जावई टोकावरून म्हणाला, "मघाशी सुरू झालं तेव्हा मी चपला काढल्या होत्या."

"मग काढा ना! वाट कसली बघताय?"

मी पेट्रोल बघितलं, त्याने चपला काढल्या. सुरू! शिकलेला माणूस तो, पण त्यानंतर त्याने चपलांना हात लावला नाही.

पाचव्यांदा भर तलावात बंद पडलं. चार वेळा बघितलेलं पेट्रोल पाचव्यांदा काय बघायचं? प्लग पुसला. टोले घातले. जावई अनवाणी, टोकावर, खबरदारी म्हणून पायही वर घेतलेले. इंजिन ढिम्म! दोरी ओढून ओढून माझा खांदा निखळायची वेळ आली.

तेवढ्यात शेजारून एक मासेमार होडी वल्हवत आला.

"कप्तान, ओढून नेऊ का?"

लेक माझ्याकडे बघायला लागली.

"नको! आम्ही हवा खातोय!"

त्याने जावयाच्या पायांकडे एकदा बघितलं आणि निघून गेला.

लेक मागे टाकीजवळ बसली होती. तिच्या आईच्या जागी.

"बाबा, या झाकणावर एक छोटा स्क्रू आहे. त्यावर नेलपॉलिशचा ठिपका आहे. लाल."

"तुझी आई नेलपॉलिश लावायचीच कुठे?"

"म्हणून तर म्हणते."

तिने स्क्रू सैल केला. टाकीने लांब सुस्कारा सोडला. मी दोरी ओढली. सुरू!

"हवा!" जावई टोकावरून ओरडला. "आत हवा जात नव्हती म्हणून पेट्रोल बाहेर येत नव्हतं! तुम्ही झाकण उघडायचात, तेवढ्यावर दहा मिनिटं चालायचं!"

दहा मिनिटं झाली. वीस झाली. इंजिन चालूच.

धक्का सोडला की मी काहीतरी गोष्ट सांगायला घ्यायचो आणि बायको पाठ फिरवून टाकीवर वाकायची. मला वाटायचं, गोष्टीला कंटाळली.

"मदत घ्यायची नाही असं ठरलं होतं," धक्का जवळ आल्यावर लेक म्हणाली.

"घेतली कुठे? ती बोटीवरचीच आहे."

लेकीने तोंड पाण्याकडे वळवलं. तिकडेच बघत म्हणाली, "राहू दे बोट. पण मागे मी बसणार."

धक्क्यावर नेहमीची मंडळी उभी होती. "या कप्तान!" म्हणाली.

बायकोही मला कप्तानच म्हणायची. एकतीस वर्षं, एकदाही न हसता. ते तिला कसं जमायचं, विचारायचं राहून गेलं.