सुर्वेभाऊंचं बिंगो

माझ्या लेकीच्या साखरपुड्याची गोष्ट. पंगत बसली होती, मीठ-लिंबू वाढून झालं होतं, भाताच्या मुदी पानात पडल्या होत्या, आणि आमचे शेजारी सुर्वेभाऊ पानावरून उठले. मनगटावरचं घड्याळ बघितलं, मला म्हणाले, "बिंगो झालं, ताई," आणि चपला शोधून चालू पडले. भरल्या पानावरून उठू नये हे आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. व्याह्यांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, आमचं काही चुकलं का? मी हसून वेळ मारून नेली, पण सबंध समारंभभर तेच डोक्यात राहिलं. मी जात्याच काळजीखोर. घराबाहेर पडताना गॅसचं बटण तीनदा बघते आणि फाटकापासून चौथ्यांदा बघायला परत येते.

बिंगो हा त्यांच्या विमानातला शब्द. लढाऊ विमानात एक आकडा आधीच लावून ठेवतात. टाकीतलं इंधन त्या आकड्यावर आलं की सूचना होते: आता घरी पोचण्यापुरतंच उरलं आहे, असाल तिथून मागे वळा. समोर शत्रू असो नाहीतर वरणभात, वळायचं. भाऊंचं विमान अर्थात कॉम्प्युटरवरचं. बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात तीस वर्षं कॉम्प्रेसर चालवून ते निवृत्त झाले. पुण्याच्या पुतण्याने आपला जुना कॉम्प्युटर, एक जॉयस्टिक आणि हा विमानाचा खेळ त्यांना आणून दिला, आणि ज्या वयात माणसं गुडघ्यांवर बोलतात त्या वयात भाऊ हायड्रॉलिक प्रेशरवर बोलू लागले.

लढाई मात्र ते करत नाहीत. इंजिन सुरू करायलाच त्यांना अर्धा तास लागतो. बॅटरी, इंधनाचे पंप, ऑक्सिजन, हायड्रॉलिक एक, हायड्रॉलिक दोन, प्रत्येक बटणापाशी थांबून काटा वर येतो का ते बघायचं. दोन कळा एकदम दाबल्या की हे सगळं आपोआप होतं, असं माझ्या लेकीने एकदा दाखवून दिलं, तर आठ दिवस तिच्याशी बोलले नाहीत. अमोनियाचा कॉम्प्रेसर असा सुरू केला असता तर अर्धं बंदर रिकामं करावं लागलं असतं, असं त्यांचं म्हणणं. आजवर त्यांनी शत्रूचं एकही विमान पाडलेलं नाही. त्यांचं स्वतःचं पुष्कळदा पडलं, कारण शत्रू मागून येतो तेव्हा भाऊ तेलाचं तापमान बघत असतात.

त्यांच्या घराला आणि आमच्या घराला मध्ये एकच भिंत. सकाळी दहाला तिकडून टिवटिव सुरू होते. शत्रूच्या रडारने आपल्याला हेरलं की विमानात अशी टिवटिव होते, आणि ती थांबून थांबून न होता सलग वाजू लागली तर त्याने नेम धरला, म्हणजे 'लॉक' झालं, असं समजायचं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं आमचा फ्रिज गेला. पुढे सवय झाली.

हीच विद्या भाऊ रस्त्यावरही वापरत. समोरून कोणी गप्पिष्ट माणूस येताना दिसला की पुटपुटत, "लॉक झालं," आणि पहिल्या बोळात वळत. वळायला बोळ नसला तर फ्लेअर. उष्णतेचा माग काढत येणारं क्षेपणास्त्र पाठीशी लागलं की विमानातून जळते गोळे सोडतात, त्याला फ्लेअर म्हणतात. क्षेपणास्त्र विमान सोडून त्या गोळ्यामागे जातं. भाऊ विषय सोडत. "यंदा मोहोर कसा हाय?" एवढं विचारलं की समोरचा हापूसच्या मागे जो जायचा तो परत यायचा नाही. मला हे तंत्र त्यांनीच समजावून सांगितलं होतं, आणि तरी मी कॉलेजच्या लायब्ररीतून दमून आल्यावर "वहिनी कशा आहेत?" विचारलं की ते माझ्या सुनबाईपासून होणाऱ्या जावयाच्या नोकरीपर्यंत सगळी चौकशी करत आणि मी सांगत बसे. मला सूनच नाही, हेही मला घरी गेल्यावर आठवे.

वहिनी, म्हणजे भाऊंच्या पत्नी, फारशा बाहेर येत नसत. थोडं विसरायला होतं तिला, असं भाऊ म्हणत. विसरायला कोणाला होत नाही? मी पुढे विचारलं नाही.

एका गोष्टीवर भाऊंचं घोडं कायम अडलेलं असे. लढाऊ विमानं हवेतल्या हवेत दुसऱ्या विमानाकडून इंधन भरून घेतात. पुढे मोठा टँकर, त्याच्या मागे लोंबणारी नळी, आणि आपण मागून जाऊन वेग जुळवून तिला जोडून घ्यायचं. भाऊंना ते कधी जमलं नाही. जवळ गेलं की हात थरथरतो, म्हणत. मी म्हटलं, एवढं काय त्यात, रोज थोडा सराव करा. त्यावर म्हणाले, "नको ताई. आपल्या टाकीत हाय तेवढ्यात जावं नि तेवढ्यात यावं."

त्यांच्या कॉम्प्युटरशेजारच्या कॅलेंडरवर मी आकडे बघितले होते. दिवाळीच्या सुमारास नव्वद. मग पंच्याहत्तर, साठ, चाळीस. मार्चच्या पानावर तीस. विमानाचं इंधन असेल म्हणून सोडून दिलं.

त्याच सुमारास भाऊ सगळीकडून लवकर उठू लागले. भजनातून उठले. एका तेराव्याला तर नमस्कार करून बसलेही नाहीत. लोक म्हणू लागले, म्हातारा त्या खेळापायी येडा झाला. मीही म्हटलं. साखरपुड्याचा राग होताच.

मे महिन्यात मला परसात दोन नारळ लावायचे होते. रोप पारखायला भाऊंसारखा माणूस नाही म्हणून मी राग गिळून विचारलं. त्यांनी बराच हिशेब केला. वहिनी जेवून झोपल्या की निघायचं, भाट्याला नारळ संशोधन केंद्रात जायला आठ मिनिटं, निवडायला पाच, यायला आठ. माझ्या स्कूटरवर मागे बसून ते सारखे वेग विचारत होते. रोपं मात्र त्यांनी चार मिनिटांत निवडली.

परतताना भाट्याच्या पुलावर आंब्याच्या पेट्यांचा टेम्पो आडवा बंद पडला होता. पुढे गाड्या, मागे गाड्या, वर ऊन. मी आरशात बघितलं. भाऊ घड्याळाकडे बघत मिनिटं मोजत होते, आधी मोठ्याने, मग नुसते ओठ हलवत. मग तेही थांबलं. मी म्हटलं, भाऊ, सुटेल आत्ता, एवढी काय घाई? ते म्हणाले, "बिंगो मागे गेलं, ताई." आणि दोन्ही रोपं माझ्या पायाशी ठेवून उतरले. पासष्ट वर्षांचा माणूस त्या उन्हात गाड्यांमधून पळत सुटला. खेळासाठी कोणी असं पळत नाही, हे मला तेव्हा कळलं.

मी पोचले तेव्हा त्यांचं फाटक उघडं होतं आणि दारही. कॉम्प्युटर चालू होता, त्यातली बाई इंग्रजीत कसला तरी इशारा पुन्हा पुन्हा देत होती. भाऊ अंगणात उभे. वहिनी घरात नव्हत्या. मोरीत नाही, माळ्यावर नाही, विहिरीत वाकून बघितलं, म्हणाले. इतक्या बटणांचा क्रम पाठ असलेला हा माणूस, आणि आता काय करायचं ते मला विचारत होता. मी त्यांना स्कूटरवर बसवलं. दोन्ही रोपं अंगणातच आडवी पडली.

वहिनी कोपऱ्यावरच्या रिक्षास्टँडवर सापडल्या. अनवाणी, नीट घडी घातलेला पदर, हातात स्टीलचा डबा. रिक्षावाला ओळखीचा होता. त्याने त्यांना सावलीत बसवून ठेवलं होतं, पण घरी परतायला त्या तयार नव्हत्या. त्या बर्फाच्या कारखान्यात ने म्हणत होत्या.

"ह्यांचा डबा ऱ्हायला," मला म्हणाल्या. "उपाशी काम करतायत ते."

भाऊंकडे त्यांनी बघितलं, पण ओळखलं की नाही कळलं नाही. भाऊंनी डबा घेतला. आत कोरडे तांदूळ होते आणि वर दोन आमसुलं. "आणलास, बरं झालं," म्हणाले, आणि तिथेच रिक्षाच्या पायरीवर बसून त्यांनी एक आमसूल तोंडात टाकलं. वहिनींचा चेहरा निवला. मला मात्र रडू आवरेना आणि मी ते आवरलंही नाही.

संध्याकाळी त्यांनी स्वतःच सांगितलं. कॅलेंडरवरचे आकडे म्हणजे मिनिटं. आपण दिसलो नाही तर ती किती वेळ घाबरत नाही, तेवढी. साखरपुड्याच्या दिवशी चाळीस होती, पंगत बसायलाच पस्तीस गेली. मी विचारलं, इतके दिवस बोलला का नाहीत? ते म्हणाले, रोपांना आठवडाभर सावली हवी हां. मी त्या फ्लेअरमागे गेले नाही. तिथेच बसून राहिले आणि म्हटलं, दर रविवारी दहा ते बारा मी वहिनींजवळ बसणार, तुम्ही हवं तिथे जा. त्यांनी जॉयस्टिक धरायच्या आपल्या हाताकडे बघितलं. मग मान हलवली.

पहिल्या रविवारी मी पावणेदहालाच गेले. भाऊंनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. औषध, पाणी, मागच्या दाराची कडी, सगळं माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं आणि गेले. मी कड्या चार वेळा बघितल्या. वहिनी मजेत होत्या. आम्ही कोथिंबीर निवडली, त्यांनी मला दोनदा नाव विचारलं, एकदा धाकट्या बहिणीच्या नावाने हाक मारली, पोहे खाल्ले. भाऊ कुठे गेले असं एकदाही विचारलं नाही.

पंचवीस मिनिटांनी फाटक वाजलं. भाऊ दारात. शर्ट घामाने अंगाला चिकटलेला, श्वास लागलेला. माझ्या खांद्यावरून आत बघत म्हणाले, "बरी हाय ना?"

मला रागच आला. म्हटलं, अगदी बऱ्या आहेत, तुमची आठवणसुद्धा काढली नाही, अजून दीड तास शिल्लक आहे, जा पाहू परत.

ते उंबऱ्यावर बसले. आतून वहिनी कोणालातरी उद्देशून हसत बोलत होत्या, ते ऐकलं.

"तिचं हाय हो शिल्लक," म्हणाले. "माझंच संपलं."