नवीच्या नवी फरशी

आमच्या शेजारच्या गुलाबभाऊंच्या घरी पाहुण्याला आधी पाणी नाही, मॅट मिळायची. आपण दारात चपला काढतो न काढतो, तोच ते काखेत रबराची गुंडाळी घेऊन धावत यायचे. "थांबा थांबा! हं, आता ठेवा पाय." मग खुर्चीखाली मॅट, पायाखाली मॅट आणि चहाच्या बशीखाली मॅटीचाच गोल कापलेला तुकडा.

कारंज्याला हायवेवर त्यांचं ट्रकच्या सीटकव्हरांचं आणि रबरी मॅटींचं दुकान. घरात मालाला तोटा नव्हता. फ्रिजखाली मॅट, सिलिंडरखाली मॅट, पलंगाच्या पायांना रबराचे बूट. एकदा नवी मॅट आणली आणि तिच्यावर जुनी अंथरली. मी म्हटलं, "भाऊ, हे काय?" तर म्हणाले, "नवी मॅट खराब होते ना ताई!" आता अशा माणसापुढं कपाळ बडवून घ्यायचं नाही तर काय करायचं?

बरं, एकदा टाकलेली मॅट ते कधी उचलूनही बघत नसत. "उचलली का धूळ शिरते खाली." खालची फरशी नवीच असणार, याची त्यांना खात्री होती.

केळझरला गणपतीच्या दर्शनाला आम्ही दोन्ही घरं मिळून गेलो होतो. सगळे हात जोडून उभे, आणि गुलाबभाऊ खाली मान घालून. मला वाटलं, भक्ती उतू चालली आहे. बाहेर आल्यावर हळहळून म्हणाले, "एवढी चांगली फरशी, अन् उघडी टाकून ठेवली यायनं!"

मे महिन्यातलं आमच्याकडचं ऊन आणि घरभर तापलेलं रबर! तो वास नाकात गेला की डोकं भणभणायचं. मी त्यांच्या बायकोला, प्रमिलावहिनींना, म्हणायची, "फेका हो एकदा सगळं उकिरड्यावर." त्या नुसत्या हसायच्या. "माह्यासाठीच जपून राह्यले ते. काय बोलू त्याईले?"

खरंच होतं ते. घर बांधलं तेव्हा ही पांढरी फरशी वहिनींनी स्वतः नागपूरला जाऊन, दुकानं पालथी घालून पसंत केली होती. माहेरी सारवलेली जमीन, सासरीही तीच. पांढऱ्या फरशीवर महालक्ष्म्यांची कुंकवाची पावलं उमटवायची, एवढी एकच हौस होती बाईची. आणि पहिल्याच भाद्रपदाआधी भाऊंनी फरशी झाकून टाकली. "प्रमिला, कुंकवाचा डाग जलमभर निंगत नाई. फरशी नवीच्या नवी रायली पायजे. पुढल्या साली काढजो."

ते पुढलं साल दरवर्षी पुढंच गेलं. वहिनी काळ्या मॅटीवर तांदळाच्या पिठाची पावलं काढायच्या. "पाहा ना ताई," मला म्हणायच्या, "महालक्ष्मी घरात येऊन राह्यली का ट्रकमधी चढून राह्यली?" आम्ही दोघी पोट धरून हसायचो. सण सरला की त्या ते पीठ फडक्यानं टिपून घ्यायच्या. तेव्हा मात्र त्यांच्याकडं बघवत नसे.

गेल्या हिवाळ्यात वहिनी गेल्या. सकाळी चहा ठेवता ठेवता ओट्याशीच कोसळल्या. माणसं जमली. एक म्हातारी म्हणाली, "बाईले भुईवर ठेवा. रब्बरावर काऊन ठेवून राह्यले?" गुलाबभाऊ उठले. कोणाला हात लावू दिला नाही. दारापासून देवघरापर्यंतची मॅट स्वतःच गुंडाळत गेले.

खाली फरशी नवीच्या नवी होती. आणि तिच्यावर, दारापासून देवघरापर्यंत, कुंकवाची पावलं. काही जुनी, फिकट गुलाबी. काही सरल्या भाद्रपदातली, लालभडक. भाऊ दुकानात गेले की दरवर्षी वहिनी मॅट उचलत असणार, पावलं उमटवून वाळू देत असणार आणि वर पुन्हा मॅट टाकून त्यांना दाखवायला पिठाची पावलं काढत असणार. मला, सख्ख्या शेजारणीला, पत्ता नाही! रबराखाली एकाही पावलाला धक्का लागला नव्हता.

भाऊ मटकन खाली बसले. "मले सांगतलं काऊन नाई वो?" ते वहिनींनाच विचारत होते. "मी का नाई म्हटलं असतं?" 'नाही'च म्हटलं असतं त्यांनी. ते आम्हाला ठाऊक होतं आणि त्यांनाही.

आता त्या घरात जमिनीवर एकही मॅट नाही. चहा सांडा, चिखलाचे पाय घेऊन या, भाऊ चकार शब्द काढत नाहीत. फक्त मधल्या पट्ट्यावर कोणी पाय ठेवायचा नाही. "कडेकडेनं या," एवढंच म्हणतात.

यंदा त्यांच्याकडं महालक्ष्म्या बसल्या नाहीत. वहिनींचं वर्ष सरायचं होतं. मी आमच्याकडचं पुरणपोळीचं ताट घेऊन गेले. भाऊ दारातच उभे, काखेत तीच जुनी गुंडाळी. मला कडेनं आत घेतलं आणि खाली बोट दाखवलं. दारातून येणाऱ्या उन्हानं उंबरठ्याजवळची पावलं विरत चालली होती.

"मी म्हणो, कुंकवाचा डाग निंगत नाई," ते म्हणाले. "निंगून राह्यला वो ताई. झाकलं तं राहीन, पण दिसन नाई. काय करू?"

मी ताट तसंच हातात धरून म्हटलं, "नका झाकू, भाऊ. वहिनीनं झाकूनच काढली सगळी वर्षं."

"हो," ते म्हणाले. गुंडाळी मात्र त्यांनी काखेतून खाली ठेवली नाही.