भुरीबाईच्या रडण्याची मिळकत

सरकारी मदत घेणाऱ्या माणसानं दोन पथ्यं पाळावीत. एक, मरू नये. दोन, कमावू नये. मेला तर खातं बंद करायचा उपद्व्याप वाढतो आणि कमावलं तर त्याच्या गरिबीवरचा सरकारचा विश्वास उडतो. गरिबी ही संन्यासासारखी आहे. एकदा घेतली की मधूनमधून संसार करून चालत नाही.

जिल्हा परिषदा नव्या नव्या झाल्या त्या दिवसांत आमच्या तालुक्यात एक निराधार साहाय्य समिती होती. (तालुक्याचं नाव सांगत नाही. समितीला प्रसिद्धीचा तिटकारा होता. फोटोसुद्धा ती फक्त सणासुदीला काढून घेई.) निराधार म्हणून नाव लागलेल्याला महिन्याला दहा रुपये मिळत. मारोतराव गावंडे अध्यक्ष, महल्ले कारकून आणि मी बिनसरकारी सदस्य. बैठकीचे आम्हाला पैसे मिळत, पण ते उत्पन्न नव्हे, तो भत्ता. खेड्यांवरून तुपाचं गाडगं येई, तेही उत्पन्न नव्हे, ते प्रेम. उत्पन्न म्हणजे काय याबद्दल समितीच्या मनात कसलाही गोंधळ नव्हता. ते फक्त निराधारांना होऊ शकतं.

म्हणून नियम असा होता की निराधारानं महिन्यात जे काही किरकोळ कमावलं असेल ते समितीपुढं येऊन आपल्या तोंडानं सांगावं. नियम किती यशस्वी झाला म्हणून सांगू! तालुक्यात शंभरावर निराधार, आणि चार वर्षांत त्या सगळ्यांनी मिळून एक नवा पैसासुद्धा कमावला नव्हता. एवढा संयम ऋषिमुनींनाही जमला नसता. कचेरीच्या पायरीशी कांताबाई नावाची निराधार बाई बाजाराच्या दिवशी भजी तळायची, हे खरं. पण ती भजी आम्हीच खात असल्यामुळे आम्ही त्यांना उत्पन्न धरत नव्हतो, फराळ धरत होतो.

या निष्कलंक कारभाराला डाग लावला तो पूनमसिंग नाईकाच्या बंजारा तांड्यावरच्या भुरीबाईनं. तिचा नवरा गेलेला, मूलबाळ नाही. दहा रुपयांत ज्वारी भरायची आणि तांड्याच्या टोकाला आपल्या खोपटात, आपल्या चुलीवर दोन भाकरी थापायच्या, एवढाच तिचा थाट. दहा रुपये नसते तर तिला पुतण्याच्या दारात जाऊन बसावं लागलं असतं. आणि पुतण्याची बायको भाकरी वाढताना भाकरीकडे न बघता म्हातारीकडे बघते, हे सगळ्या तांड्याला ठाऊक होतं.

तर ही भुरीबाई जेठाच्या उन्हात चालत कचेरीत आली, सोबत पूनमसिंग नाईक. दम खाऊन म्हणाली, "सायेब, मले चार आणे भेटले. अन् गुळाचा खडा. लिवून घ्या."

महल्ल्यांच्या हातातला टाक खाली पडला. चार वर्षांत हे वाक्य त्या खोलीत कोणी उच्चारलं नव्हतं.

"कायचे भेटले?" मारोतरावांनी विचारलं.

"पोरीले रडाले शिकवलं, त्याचे."

मग पूनमसिंगनं खुलासा केला. त्यांच्या तांड्यांत लग्न झालेली पोर सासरी निघाली की एकेकाच्या गळ्यात पडून सुरात रडते. त्याला ढावलो म्हणतात. बापाचं नाव घेऊन, आईचं नाव घेऊन, दारातल्या गाईचं नाव घेऊन रडायचं असतं, आणि ते काही आपोआप येत नाही. म्हातारी बाई बसवून आधी शिकवावं लागतं. "आमची याडी पाच तांड्यांत एक नंबर आहे जी," तो अभिमानानं म्हणाला. (याडी म्हणजे आई. तांडा तिला आई म्हणे आणि गुळाचा खडा देई. सरकार तिला लाभार्थी म्हणे आणि दहा रुपये देई. दोघांचंही तिच्यावर लक्ष होतं.)

भुरीबाईचा हिशेब सोपा होता. "चार आणे कापा अन् बाकीचे द्या. मले वापस जाऊ द्या, ऊन होऊन राह्यलं."

अडाणी माणसाला सगळंच सोपं वाटतं. चार आणे कापता येतील, पण कोणत्या सदराखाली? आमच्याकडे सदरं होती ती मोलमजुरी, शिवणकाम आणि भिक्षा. रडणं कशात घालायचं? ती स्वतः रडत असेल तर ती मजुरी. पण ती शिकवते, म्हणजे ती शिक्षिका. आणि ट्रेनिंग न घेता शिकवणं हा वेगळाच गुन्हा. बरं, रडताना तिला खरोखर दुःख होतं की नाही? होत असेल तर ते दुःख, त्यावर काही कापता येत नाही. होत नसेल तर ती कला. कलावंतांसाठी सरकारची निराळी मदत असते, पण त्यासाठी आधी नावाजलेलं असावं लागतं. आणि नावाजलेला माणूस निराधार कसला? शिवाय गुळाचा खडा होताच. तो कापून घ्यावा तर ती वाटेत खाऊन आली होती.

दुपारपर्यंत आम्ही खल केला. पायरीवरून दोनदा फराळ मागवला. शेवटी मारोतरावांनी निर्णय दिला की प्रत्यक्ष पाहणी करावी. विहीर खोदली म्हणणाऱ्याची विहीर आपण बघतो, मग रडणं न बघता कसं मंजूर करायचं?

"रडून दाखवा," महल्ले म्हणाले.

भुरीबाई बुचकळ्यात पडली. "कोणाच्या गळ्यात पडू?"

ढावलोला गळा लागतो, हे समितीला नवीन होतं. मारोतराव अध्यक्ष असल्यामुळे त्यांचा गळा देता येईना, माझा बिनसरकारी. म्हणून महल्ल्यांनी आपला सरकारी गळा पुढं केला.

म्हातारीनं पदर सावरला, महल्ल्यांच्या गळ्यात हात टाकले आणि सूर धरला. शब्द तांड्याच्या बोलीतले, आम्हाला निम्मे कळत नव्हते. पण बापाचं अंगण कळलं. चुलीपाशी बसलेली आई कळली. मी गेल्यावर माझ्या वासराला पाणी कोण पाजेल, हे तर असं कळलं की महल्ले, ज्यांनी स्वतःच्या वडिलांच्या दहाव्याला अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती, हुंदके देऊन रडू लागले. शिपाई दाराआड रडला. मारोतरावांची धाकटी मुलगी मागच्या सालीच वणीला दिली होती. ते तोंडावर उपरणं घेऊन बसले. मीही रडलो, आणि मला त्याची लाज वाटत नाही. फार चांगली पाहणी झाली.

सूर थांबला तेव्हा मारोतरावांनी भान नसल्यासारखा खिशात हात घातला आणि एक रुपया तिच्या हातावर ठेवला. "माय माझी," एवढंच बोलले.

भुरीबाईनं डोळे पुसले, रुपयाकडे बघितलं, आणि नियमाला जागली. "सायेब, हाबी लिवून घ्या."

मग महल्ल्यांनी, डोळ्यांतलं पाणी अजून आटलं नव्हतं तरी, टाक उचलला. पाव तासात एक रुपया. तासाला चार. कचेरीच्या आठ तासांत बत्तीस. रविवार सोडले तरी महिन्याला आठशेच्या वर. एवढा पगार त्या कचेरीत कोणाला नव्हता. तिघांचा मिळूनही नव्हता. आणि ही मिळकत ऐकीव नव्हती, समितीच्या डोळ्यांदेखत झाली होती. डोळे ओले होते, पण उघडे होते.

आठशे रुपये कमावणाऱ्या बाईला निराधार म्हणणं हा खऱ्या निराधारांवर अन्याय झाला असता. मदत त्याच दिवसापासून बंद झाली. ठराव एकमतानं झाला, सूचक मारोतराव, अनुमोदक मी.

"मंग आता हिनं खायचं काय?" पूनमसिंगनं विचारलं.

"रडावं," मारोतराव म्हणाले. ते अजून नाक शिंकरत होते. "हातात एवढा हुन्नर आहे."

"सायेब, पावसाळा तोंडावर आला. आता दिवाळी होईपरेंत लगनं नाहीत. कोणाची पोर रडत नाही."

"हंगामी धंद्यात शिल्लक टाकाची असते," मारोतरावांनी समजावलं.

भुरीबाईनं रुपया पदराच्या गाठीत बांधला आणि पायऱ्या उतरली. ती रडली मात्र नाही. (महल्ल्यांनी शेरा मारला की मोबदला नसताना लाभार्थी रडत नाही, सबब धंदा सिद्ध. महल्ले फार बारकाईचे.) पोळ्याला मी त्या बाजूला गेलो होतो तेव्हा तांड्याच्या टोकाचं खोपट बसलेलं दिसलं. म्हातारी पुतण्याच्या दारात, उंबऱ्याच्या बाहेरच्या बाजूला बसली होती. तिनं मला रामराम केला.

या प्रकरणाचा तालुक्यावर चांगला परिणाम झाला. त्यानंतर समितीपुढं किरकोळ उत्पन्न सांगायला एकही माणूस आला नाही. आकडा पुन्हा शून्यावर आला आणि समितीचं जिल्ह्यात कौतुक झालं. कांताबाई भज्यांबरोबर आम्हाला मिरचीही फुकट देऊ लागली.

आता हे वाचून आपल्याला गलबलून आलं असेल, तर येऊ द्या. त्याला बंदी नाही, आम्हालाही आलं होतं. फक्त त्या भरात खिशात हात घालू नका. आपण चार आणे पाठवले तर म्हातारी पुन्हा उन्हातान्हात चालत येईल आणि लिहून घ्या म्हणेल. पण ही सूचना द्यायचीही गरज नव्हती. आपला हात खिशाकडे गेलाच नाही, हे मी मघापासून बघतोय. समितीवर एक जागा रिकामी आहे. अर्ज करा.