सातारा ते सांगली, व्हाया आत्ती

सायकलप्रवासातलं माझ्याइतकं कळणारा माणूस अख्ख्या सांगलीत दाखवा! सहा महिन्यांत अकरा पुस्तकं वाचली मी. सगळी एकाच जातीची: एक माणूस, एक सायकल आणि हजारो किलोमीटर. वाचनालयाच्या सुहासिनीबाई तर मला दारात बघितलं की चष्मा न काढता म्हणायच्या, "महावीरभाऊ, सायकलवालं नवीन काही आलं नाही हो."

माधवनगरला माझं पाण्याच्या मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान आहे. गिऱ्हाईक फूटव्हॉल्व्ह मागायचं आणि मी पुस्तकातून मान वर न करता सांगायचो, "थांबा, एवढा घाट संपू दे!" बसलो की पाय आपोआप टेबलाखाली पायडल मारायचे. जेवताना, देवळात, लग्नाच्या पंगतीत, कुठंच जिवाला स्वस्थता नाही. "झोपेत लाथा मारता," अशी प्राचीची, म्हणजे माझ्या बायकोची, तक्रार. तिला काय सांगणार? मी तेव्हा लडाखात असायचो!

शेवटी ठरवलं. साताऱ्याच्या विष्णुपंतांची गिअरची सायकल विकायची होती. पहाटेच्या एसटीनं साताऱ्याला जायचं, सायकल घ्यायची आणि सव्वाशे किलोमीटर मारून संध्याकाळच्या चहाला दारात घंटी वाजवायची. घरात अवाक्षर बोललो नाही. सांगितलं असतं तर प्राचीनं आधी डॉक्टरांना विचारलं असतं.

तयारी मात्र जोरात! हेल्मेटखाली घाम नको म्हणून केस अगदी बारीक कापून घेतले. वजन उतरावं म्हणून सूर्यास्तानंतर जेवण बंद. पाठ कणखर व्हावी म्हणून गादी सोडून चटईवर झोपायला लागलो. आवडलेली वाक्यं एका वहीत उतरवून ठेवायचो. निघायच्या दिवशी फोन बंद केला, कारण अकराही लेखकांचं त्यावर एकमत आहे.

विष्णुपंत सज्जन माणूस. म्हणाले, "नवीच समजा. दोनदाच बसलोय."

"तिसऱ्यांदा का नाही बसलात?"

"मुलानं शपथ घातली," एवढंच म्हणून ते आत गेले.

साताऱ्याच्या बाहेर पडलो तेव्हा मी राजा होतो! वारा काय, रस्ता काय! अतीतपर्यंत गुणगुणत होतो. अतीतच्या पुढं गुणगुणणं थांबलं. उंब्रजला तर श्वास घ्यायचा की सोडायचा, तेच आठवेना. अकरा पुस्तकांत एकाही पठ्ठ्याला मांड्या नव्हत्या हो! माझ्या मात्र दोन होत्या, आणि दोन्ही दगडी वरवंट्यासारख्या झाल्या होत्या. सायकलवरून उतरलो नाही, गळून पडलो.

द्राक्षाचे रिकामे क्रेट घेऊन पलूसला परतणारा एक टेंपो थांबला. ड्रायव्हरचं नाव अर्जुना.

"काका, कुटनं आलायसा?"

"साताऱ्याहून."

"आन् जायाचं कुटं?"

"सांगलीला."

त्यानं माझ्याकडं बघितलं, सायकलीकडं बघितलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "घरात भांडण झालंय व्हय?"

सायकल क्रेटांवर चढली, मी केबिनमध्ये. पाय इतके सुजले होते की बूट काढावे लागले. पलूसला माझी आत्ती राहते. आक्काताई, वडिलांची थोरली बहीण. म्हटलं, तिच्याकडं दोन घास खाऊ, तासभर पडू. अर्जुना म्हणाला, "तुमी व्हा फुडं. क्रेट उतरून सायकल आन् बूट आणून देतो."

आणि मी अनवाणी, बारीक केसांचा, मान खाली घालून, एकेक पाऊल जपून टाकत आत्तीच्या अंगणात शिरलो.

आत्ती ओट्यावर बसली होती. मला बघून ताडकन उठली, पुढं आली आणि सरळ माझ्या पाया पडली! मागं शेजारच्या चार-पाच बायका हात जोडून उभ्या.

"आत्ती, अगं काय करतेस?"

"पडू दे रं बाळा. वीस वर्सं सांगत हुते, दिवस बुडायच्या आत जेवत जा. शेवटी वळलास!" ती पुन्हा वाकली. "खरं सांग. समदं सोडलंस?"

मला वाटलं, ती प्रवासाबद्दलच बोलतेय. म्हटलं, "सोडलं आत्ती. लय ओढलं, पण आता न्हाई होत."

"कुठं सोडलंस?"

"उंब्रजला."

"कुणाम्होरं?"

"एका टेंपोवाल्यासमोर."

आत्तीला ते थोडं चमत्कारिक वाटलं असावं, पण डोळे पुसून तिनं विचारलं, "मन घट्ट हाय न्हवं?"

"मन घट्ट आहे. पाय लटपटतायत."

"पायीच आलास ना!" ती हुंदका देऊन तिसऱ्यांदा पाया पडली. शेजारच्या रंगूबाईनं पदर डोळ्याला लावला. मी म्हटलं, "जरा गादी टाका, पडतो." तर आत्ती ओरडली, "गादी न्हाई! चटई आणा!" जेवायला मागितलं, तर उकळून गार केलेलं पाणी आलं!

मी पाणी पीत असतानाच दारात गाडी थांबली आणि प्राची उतरली. डोळे लाल, हातात माझी वही.

"फोन बंद. दुकान बंद. आणि हे काय आहे?" तिनं वाचलं, "'आज घर सोडलं. मागं वळून पाहिलं नाही. दुकान, घर, माणसं, सगळं ओझं होतं. आता रस्ता हेच घर.'"

आत्ता माझ्या डोक्यात उजेड पडला. केस, चटई, सूर्यास्त आणि वर ही वही! घरचे धरून चालले होते की मी जैन मुनींची दीक्षा घ्यायला निघालो. आणि प्राचीनं सकाळपासून सगळ्या पाहुण्यांना फोन लावले होते, मग गाडी काढून एकेकाचं दार धुंडाळत इथवर आली होती!

"अगं, ते पुस्तकातलं आहे! सायकलवाल्या माणसाचं!"

"पुस्तकात दुकान आहे?"

मूळ पुस्तकात 'नोकरी' होतं. जवळचं वाटावं म्हणून मीच 'दुकान' केलं होतं!

"घर ओझं झालंय का तुम्हाला?" हे तिनं इतक्या हळू विचारलं की अंगणातल्या बायकासुद्धा दुसरीकडं बघायला लागल्या. म्हटलं, "नाही गं. पाय शिवशिवत होते, एवढंच. उंब्रजला पडलो तेव्हा पहिली तूच आठवलीस."

"सांगितलं असतं तर डबा तरी दिला असता," ती म्हणाली आणि शेजारी बसली.

तेवढ्यात अर्जुना सायकल घेऊन हजर! "काका, ही घ्या तुमची गाडी. बूट हँडलला अडकावल्यात."

आत्तीनं सायकल बघितली. बूट बघितले. मग मला बघितलं.

"म्हंजे तू चाललेला न्हाईस?"

"नाही."

"दीक्षा न्हाई?"

"नाही, आत्ती."

"आन् मी ह्या समद्या बायकांच्या देखत तुझ्या पाया पडले? तीनदा?" ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "ऊठ! आता तू पड. तीनदा!"

मी उठलो. वाकायला गेलो तर गुडघे वळेनात. म्हटलं, तीनदा वाकण्यापेक्षा एकदाच साष्टांग घालावा. भिंतीला धरून, कण्हत, मी फरशीवर पालथा झालो. फरशी गार होती. कपाळ टेकलं आणि तसाच राहिलो.

"पुरं झालं. ऊठ आता," आत्ती म्हणाली.

मी उठलो नाही. मिनिट गेलं, दोन गेली. रंगूबाई हात जोडून हळूच पुटपुटली, "आक्काताई, आवं, बघा तरी! पोराच्या अंगात वैराग्य हायच!"

"वैराग्य कसलं, मांड्या आखडल्यात," प्राची पदर खोचत म्हणाली. "तुम्ही त्या बाजूनं धरा."