तिन चूका

मुद्रितशोधकाच्या एकतीस वर्षांच्या नोकरीत छापखान्याच्या एकाही पुस्तकाला शुद्धिपत्र जोडावं लागलं नव्हतं. माणूस तसा गरीब, पण वेलांटी चुकली की वाघ. शनिवारी तो निवृत्त होणार होता. आणि बुधवारी कोड्यांच्या पुस्तकाच्या लेखिका, गणिताच्या जुन्या बाई, छापील प्रत घेऊन मालकांच्या खोलीत आल्या. मालकांनी त्याला बोलावून घेतलं.

"पान बेचाळीस," बाई म्हणाल्या. "मी लिहिलं होतं, 'या वाक्यात तिन चूका आहेत.' छापलंय, 'या वाक्यात एकही चूक नाही.'"

"नाहीच आहे," मुद्रितशोधक म्हणाला. "'ति'ला पहिली वेलांटी होती, 'चू'ला दुसरा उकार. दोन्ही सुधारले. मग तीन चुका उरल्या कुठे? तेही सुधारलं."

"अहो, कोडं आहे ते. वर 'चुका शोधा' लिहिलंय."

"म्हणून तर शोधल्या."

मागच्या बाकासाठी राखून ठेवलेला सगळा धीर बाईंनी गोळा केला. शुद्धलेखनाच्या चुका दोनच. तिसरी चूक म्हणजे 'तीन' हा आकडाच, कारण चुका दोन आहेत. पण ती धरली की तीन होतात, म्हणजे आकडा बरोबर. मग पुन्हा दोनच.

"माणूस तिथे अडकायला हवा," त्या म्हणाल्या. "चूक दिसल्याशिवाय कोणी थांबून वाचतं का?"

पुस्तकं विकायला जायच्या आत सगळ्या प्रतींत शुद्धिपत्र घाला, असा मालकांनी निकाल दिला. मुद्रितशोधकाचं तोंड उतरलं. आयुष्यातलं पहिलं शुद्धिपत्र, आणि त्यात बरोबर खोडून चूक लिहायची. त्याला खरंच रडू येत होतं.

टायपिंगच्या ताईंनी मजकूर काढून दिला: "'एकही चूक नाही' ऐवजी 'तीन चुका आहेत' असे वाचावे."

"ताई, पहिली वेलांटी हवी. आणि दुसरा उकार."

"हात वळत नाही हो. बारा वर्षं तुम्हीच ओरडलात ना?"

त्याने स्वतः लाल पेन उघडलं. त्याचाही हात वळेना. शेवटी कागद खिशात घालून तो घरी गेला.

टेबलावर बायकोची नेहमीसारखी चिठ्ठी होती: "शेजारी गेलेय. साबन आणा." त्याने सवयीने 'न'चा 'ण' केला. चिठ्ठीजवळच तिचं बहिणीला लिहिलेलं, अर्धवट राहिलेलं पत्र होतं. पेन उघडंच होतं, म्हणून तेही त्याने तपासायला घेतलं. चार पानं झाली, एक चूक सापडेना. तिसऱ्या पानावर तर 'साबण' होता, चांगला ठसठशीत.

तेवढ्यात ती आली.

"तुला साबण लिहिता येतं?"

"न यायला काय झालं?"

"मग चिठ्ठीत?"

"लग्नानंतर वर्षभर बरोबरच लिहायचे. तुम्ही वाचायचाच नाहीत. साबण तीनदा राहिला. मग एकदा घाईत 'न' पडला, तर तासाभरात घेऊन आलात."

ती भाजी निवडायला आत गेली. तो बसून राहिला. एवढ्या वर्षांत त्याने तिची प्रत्येक चिठ्ठी तपासली होती. वाचल्या किती, ते आठवेना. त्याला लाज वाटली. मग त्याने खिशातला कागद काढला आणि दोन फटक्यांत वेलांटी अन् उकार बदलून टाकले. चिठ्ठीखालीही काहीतरी लिहिलं आणि पिशवी घेऊन बाहेर पडला.

तिने येऊन चिठ्ठी उचलली. खाली लिहिलं होतं, "लगेच आनतो."

तिने ते दोनदा वाचलं. लाल पेन टेबलावर उघडंच होतं. तिने त्याला टोपण घातलं.